श्रीधरच्या क्यूची मजुरी

सिव्हिल लाइन्समधल्या एका जुन्या क्लबात नत्थू रामटेके छत्तीस वर्षं बिलियर्डचा मार्कर होता. मार्कर म्हणजे खेळणाऱ्यांचे गुण फळ्यावर लावणारा, चेंडू पुसून ठेवणारा, टेबलाच्या हिरव्या कापडावरून ब्रश फिरवणारा आणि हरलेल्या साहेबाने "आज टेबलच तिरपं आहे" म्हटलं की "होय साहेब" म्हणणारा माणूस. पगार बेताचा, वर क्लबाच्या मागच्या अंगाला राहायला एक खोली. पण या सगळ्या कामांत एक काम असं होतं, की नागपुरात जिथे म्हणून बिलियर्डचं टेबल असेल तिथून लोक नत्थूला शोधत येत. ते काम क्यूला टिप लावण्याचं.

क्यू म्हणजे खेळायची लांब काठी. तिच्या निमुळत्या टोकावर पितळेची टोपी असते आणि त्या टोपीवर करंगळीच्या नखाएवढी चामड्याची चकती चिकटवलेली असते, तिला टिप म्हणतात. चेंडूला काठी लागत नाही, ही चकती लागते. खेळून खेळून ती कडक होते, कडेने पसरते, आणि मग भल्याभल्यांचा नेम चेंडूवरून घसरतो. नत्थू जुनी चकती पात्याने काढी, टोपीचं तोंड कानशीने सपाट करी, सरस गरम करून त्याचा एकच थेंब लावी आणि नवी चकती बसवून क्यू शिकंज्यात आवळून ठेवी. पुरी एक रात्र. यात कोणाला सवलत नव्हती. सकाळी पॉलिश पेपरने टिपेला गोलाई द्यायची, कड ओल्या चिंधीने घासायची आणि क्यूचं टोक लाकडावर हलकेच आपटून आवाज ऐकायचा. आवाज भरीव आला तर काम पुरं, नाहीतर टिप उपटून पुन्हा पहिल्यापासून. या कामाची मजुरी मार्करची स्वतःची, क्लबाचा तिच्याशी संबंध नाही, असा इंग्रजांच्या वेळेपासूनचा रिवाज होता. आधी ती आठ आणे होती. चौऱ्याहत्तर सालापर्यंत दोन रुपये झाली होती.

नत्थू त्या पैशांना मजुरीच म्हणे. कोणी बक्षीस म्हटलेलं त्याला खपत नसे. छप्पन सालच्या दसऱ्याला तो बायकोबरोबर, भागीरथेबरोबर, पांढरे कपडे घालून लाखो माणसांत उभा राहिला होता आणि बौद्ध होऊन घरी आला होता. त्यानंतर आठवडाभरातच एका साहेबाने जिंकल्याच्या खुशीत त्याच्यापुढे टेबलाच्या कडेवर चार आणे फेकले. नत्थूने ते उचलून साहेबाच्या हातात परत दिले. म्हणाला, "कामाचे द्या साहेब, खुशीचे नको." साहेब पंधरा दिवस त्याच्याशी बोलला नाही. भागीरथेने कपाळावर हात मारून घेतला, कारण चार आण्यांत तेव्हा दोन दिवसांची भाजी येत होती. पण नत्थूचं एकदा ठरलं की ठरलं.

हा माणूस खेळायचा कसा, हे फार थोड्यांना ठाऊक होतं. सकाळी क्लब उघडण्याआधी, झाडलोट झाली की तो तासभर एकटाच टेबलावर वाकलेला असे. त्या तासात त्याने जे मारलं ते सभासदांपैकी एकानेही कधी मारलं नसेल. पण मार्करला स्पर्धेत उतरता येत नसे, आणि कोणी साहेब सरावासाठी "चल नत्थू, एक डाव" म्हणाला तर तो डाव थोडक्यात हरायचा असतो हे कोणी न सांगता त्याला कळत होतं. खूप मोठ्या फरकाने हरलेलंही साहेबांना आवडत नाही. तेव्हा किती हरायचं याचंही त्याला तंत्र साधलं होतं. चौऱ्याहत्तर सालापर्यंत सव्वीस वर्षं तो मोजूनमापून हरत आला होता, आणि खरं सांगायचं तर ते त्याला आतून खात होतं.

अठ्ठावन्न साली वकील मधुकरराव पांढरीपांड्यांचा मुलगा श्रीधर वडिलांबरोबर क्लबात येऊ लागला. वय चौदा. बाकीची पोरं आईस्क्रीम खाऊन लॉनवर हुंदडत, हा बिलियर्डच्या खोलीच्या दारात उभा राहून टक लावून बघत बसे. नत्थूने चार दिवस पाहिलं आणि पाचव्या दिवशी म्हणाला, "सकाळी सहाले ये. कोनाले सांगू नको." मुलाला टेबलाला हात लावायची परवानगी नव्हती, मार्करला शिकवायची नव्हती. दोघांनीही नियम मोडला आणि दुसऱ्या दिवशीपासून सकाळचा तो तास नत्थूचा एकट्याचा राहिला नाही.

मुलाच्या हातात काय आहे ते पहिल्याच आठवड्यात कळलं. नत्थूने जे जे स्वतः कमावलं होतं ते ते तो त्याला देत गेला. काठी कशी धरायची, श्वास कुठे रोखायचा, चेंडूला जोराने नाही तर वेळेवर कसं मारायचं. सकाळच्या त्या तासात श्रीधर त्याला 'नत्थूकाका' म्हणे आणि नत्थू त्याला सरळ 'गा' म्हणून हाक मारी. दहा वाजता क्लब उघडला की तोच मुलगा 'नत्थू' म्हणे आणि नत्थू 'श्रीधरबाबू'. यात दोघांनाही वावगं वाटत नसे. क्लबाची रीत ती क्लबाची रीत.

वर्षभराने श्रीधरच्या क्यूची टिप फाटली. त्याने घरून आणलेली आठ आण्यांची अधेली पुढे केली. नत्थूने त्याची मूठ मिटून दिली.

"ठेव गा. आपल्या मानसापाशून मजुरी घेत नसतेत."

"काका, पण सगळे देतात."

"सगळे सगळे आहेत. तू काय सगळ्यायतला आहे का?"

मुलगा लाजला आणि त्याने अधेली खिशात टाकली. पुढे तो मोठा झाला, वकील झाला, त्याचं लग्न झालं, स्कूटर आली, पण त्या अधेलीचा विषय पुन्हा निघाला नाही. श्रीधरची टिप फुकट हे असं रुळून गेलं की नत्थूला त्याचा अभिमान वाटे आणि श्रीधरला बहुधा काहीच वाटत नसे.

क्लबात वार्षिक स्पर्धा होई. जिंकणाऱ्याचं नाव बिलियर्डच्या खोलीतल्या शिसवी फलकावर सोनेरी अक्षरांत रंगवलं जाई. बहात्तर साली तिथे श्रीधरचं नाव लागलं, त्र्याहत्तर साली पुन्हा लागलं. पेंटरने अक्षरं वाकडी काढू नयेत म्हणून नत्थू दोन्ही वेळा त्याची शिडी धरून उभा होता. भागीरथा म्हणाली, "नाव त्याचं, अन् मिशीले ताव तुमचा." नत्थूने नाकारलं नाही. आपल्या हातांनी जे मारता आलं नाही ते हा मुलगा मारतो आहे, असं त्याला मनापासून वाटे. लागोपाठ तीनदा जिंकणाऱ्याला चांदीचा चषक कायमचा घरी न्यायला मिळे. तो मान आजवर एकालाही मिळाला नव्हता. चौऱ्याहत्तरच्या डिसेंबरात श्रीधर तिसऱ्यांदा अंतिम सामन्यात पोचला आणि नत्थूची झोप उडाली.

समोर होता ताराचंद. गांधीबागेत त्याचं कापडाचं घाऊक दुकान. क्लबाचा सभासद होऊन दोनच वर्षं झालेली. त्याचं पोट टेबलाला लागतं म्हणून साहेबलोक त्याच्यामागे हसत, आणि तो कॉफी मागवताना वेटरला 'भैया' म्हणतो म्हणून तर जास्तच हसत. पण गडी चिवट होता. दुकान बंद केलं की रोज दोन तास खेळे, आणि हसणाऱ्यांपैकी एकेकाला हरवत तो रविवारच्या सामन्यापर्यंत आला होता.

त्याने काय केलं, तर शुक्रवारी दुपारीच आपला क्यू नत्थूच्या हवाली केला. नत्थूने नेहमीसारखी टिप लावली, रात्रभर शिकंज्यात ठेवली, शनिवारी घासूनपुसून दिली. ताराचंदने दोन शॉट मारून बघितले आणि त्याचा चेहरा खुलला. खिशातून दहाची नोट काढून त्याने दोन्ही हातांनी पुढे केली.

"उस्ताद, ये रखो."

"सेठजी, दोन रुपये होतेत. सुट्टे नाही माह्यापाशी."

"छुट्टा किसने मांगा? कारीगर का हाथ है. ना मत कहो."

तो गेला. नोट नत्थूच्या हातातच राहिली. अठरा वर्षांत त्याने मजुरीच्या वर एक पैसा घेतला नव्हता, आणि आज घेतला, तो का घेतला हे त्याचं त्याला माहीत होतं. दहा रुपयांचा मोह नव्हता असं नाही, पण त्याहून मोठा मोह त्या 'उस्ताद' शब्दाचा होता. क्लबात त्याला त्या नावाने कोणी कधी हाक मारली नव्हती. आठ रुपये सोमवारी परत करू, असं त्याने स्वतःला सांगितलं आणि नोट खडूच्या डब्यात ठेवली.

रविवारी दुपारी बाराला श्रीधर आला. सामना पाचला, खोलीत दोघेच. त्याच्या क्यूची टिप कडेने चिरली होती. शनिवारी एका मित्राच्या बंगल्यावर हौशीने खेळत बसला होता, तिथे ती गेली, आणि सकाळी उठून बघेपर्यंत त्याच्या लक्षातही आलं नव्हतं.

"बसवून दे, काका. आत्ता."

नत्थूने टिप बोटाने चाचपली. "आता बसवली तं धरनार नाही गा. सरसाले रात पाह्यजे. तुले माहीत नाही का?"

"पाच तास आहेत ना."

"पाच तास नाही पुरत. क्लबातला दुसरा क्यू घे. मी दोन काढून ठेवतो, दोन्ही चांगले आहेत."

"दुसऱ्या क्यूने मी खेळत नाही हे तुला माहीत आहे." श्रीधर टेबलाभोवती एक चक्कर मारून आला. "बसव तू. निघाली तर माझी जबाबदारी. तुला कोणी एक शब्द बोलणार नाही."

इथे नत्थूचं चुकलं. त्याने 'नाही' म्हणायला हवं होतं. ताराचंदने अशी घाई केली असती तर त्याने त्याला सरळ वाटेला लावलं असतं, प्रत्यक्ष क्लबाच्या सेक्रेटरीला लावलं असतं. पण हा श्रीधर होता. कारागिराने आपल्या माणसासाठी आपलाच नियम मोडायचा नसतो, आणि नेमका तिथेच बिचाऱ्याचा हात सैल पडला. त्याने सरस पातळ केला, कंदिलाच्या काचेवर पितळी टोपी शेकली, टिप बसवली आणि शिकंजा आवळला. काम चालू असताना श्रीधरचं मन हलकं व्हावं म्हणून त्याने हसत हसत सांगितलं, "तुह्या सेठनं काल दहा रुपये देल्ले मले. उस्ताद म्हने."

"दहा?" श्रीधर हसला. "मग आज मी हरलो तर आणखी देईल."

दोघेही हसले. साडेचारला नत्थूने क्यू त्याच्या हातात दिला आणि त्याचं मनगट धरून सांगितलं, "जोराचा मार नको मारजो. हळू खेळ. हळू खेळला तं रात्रीलोक निभून जाईन."

"नाही मारत," श्रीधर म्हणाला.

सामना तीनशे गुणांचा होता. दोनशे सत्तरपर्यंत श्रीधर अठरा गुणांनी पुढे होता आणि हळूच खेळत होता. फळ्यापाशी उभा नत्थू गुण लावता लावता त्याच्या टिपेकडेच बघत होता. मग ताराचंदने सलग बावीस गुण मारले. लोकांनी टाळ्या वाजवल्या, कोणीतरी "वा सेठ" म्हणालं, आणि श्रीधरचं डोकं फिरलं. पुढच्या पाळीला त्याने लांबच्या चेंडूवर सगळा जोर काढून तडाखा दिला. टिप उडून नत्थूच्या बुटापाशी येऊन पडली. चेंडू भलतीकडे गेला. नियमाप्रमाणे दुसरा क्यू घेता येत होता, नत्थूने तो हातात दिलाही, पण परक्या क्यूने श्रीधरचा नेम बसेना. ताराचंद अकरा गुणांनी जिंकला. त्याने येऊन श्रीधरशी हात मिळवला, श्रीधरने फक्त बोटं पुढे केली. नत्थूकडे न बघताच तो निघून गेला.

"रागात आहे," नत्थूने घरी सांगितलं. "थंडा झाला का येईन."

सोमवारी तो आला नाही. सोमवारी नत्थूने ताराचंदला आठ रुपये परत केले. ताराचंदने घेतले नसते, पण नत्थूचा चेहरा बघून घेतले. मंगळवारी सकाळी सहाला नत्थू टेबल पुसून दार उघडं ठेवून बसला. आठ वाजले. भागीरथा चहा घेऊन आली. बाई फटकळ होती, पण त्या दिवशी ती जपून बोलली.

"येऊन नाही राहिला तो. तुमीच काहून नाही जात?"

"मी काहून जाऊ वं? त्याची चूक हाये. त्याले समजते ते."

"त्याले समजते, पन बाकीच्यायले कोन सांगन? बागेतला माळी म्हनत होता, का मार्करनं पैसे खाल्ले."

नत्थू हसला. माळ्याचं काय, त्याला बोलायला विषय लागतो. आपल्याला एवढ्या वर्षांत कोणी एक पैसा वर दिल्याचं सिद्ध करावं, असं तो म्हणाला, आणि म्हणताना त्याला खडूचा डबा आठवला. चहा तसाच राहिला. दुपारी ऑफिसातून निरोप आला, की उद्या अकरा वाजता कमिटीपुढे हजर राहायचं. तक्रार आली आहे. कोणाची, ते निरोप्याने सांगितलं नाही आणि नत्थूने विचारलं नाही. ताराचंद जिंकलेला माणूस, तो कशाला तक्रार करेल? तरीही रात्रीपर्यंत नत्थूने डोक्यात दहाबारा नावं घोळवली. त्यात श्रीधरचं नाव त्याने येऊ दिलं नाही.

क्लबाचे सेक्रेटरी वामनराव निवृत्त डेप्युटी कलेक्टर होते. माणूस वाईट नव्हता, कटकट नको एवढंच त्यांचं तत्त्व होतं. त्यांच्या शेजारी कमिटीतले दोघे बसले होते, आणि खिडकीजवळच्या खुर्चीत फाइल मांडीवर घेऊन श्रीधर.

त्याला बघून नत्थूला हायसं वाटलं. वकील आहे, आपल्या बाजूने बोलायला आला आहे, असं त्याला खरोखरच वाटलं. वेडेपणा म्हणा, पण वाटलं.

"नत्थू," वामनरावांनी सुरुवात केली, "ताराचंद सेठकडून तू टिपेचे दहा रुपये घेतलेस?"

"घेतले साहेब. आठ सोमवारी वापस केले."

"सामना झाल्यावर केलेस."

"होय साहेब."

"आणि श्रीधरच्या क्यूची टिप सामन्यात निघाली. पंचवीस वर्षांत तू लावलेली टिप कधी निघाली नाही असं तूच सगळ्यांना सांगत असतोस. मग त्याच दिवशी, त्याचीच कशी निघाली?"

आता नत्थूला कळलं, की प्रश्न कुठे चालला आहे. तरी तो घाबरला नाही. त्याने सगळं नीट सांगितलं. श्रीधरबाबू बाराला आले, मी नाही म्हटलं, सरसाला रात्र लागते हे सांगितलं, दुसरा क्यू देत होतो, पण त्यांनी जबाबदारी घेतली म्हणून बसवली. जोरात मारू नका हेही सांगितलं होतं. एवढं सांगून सगळ्यांबरोबर त्यानेही श्रीधरकडे पाहिलं.

"असं बोलला होतास का, श्रीधर?" वामनरावांनी विचारलं.

श्रीधरने चष्मा काढून पुसला. "नीट आठवत नाही, वामनरावकाका. घाईत काही बोललोही असेन. पण काम होणार नसेल तर कारागिराने नाही म्हणायचं असतं. आपण भरवशावर देतो." मग नत्थूकडे न बघता पुढे म्हणाला, "मी काही याला पैसे खाल्ले असं म्हणत नाही. पण सरळ आहे. त्याच्याकडून याला दहा मिळाले. माझ्याकडून काहीच मिळत नव्हतं. माझ्या कामात याचं मन कशाला लागेल?"

कमिटीतल्या दोघांनी माना डोलावल्या. मुद्दा बिनतोड होता.

खोली जाईल, नोकरी जाईल, ही भीती नत्थूला होतीच. गोपिका, त्याची मुलगी, अकरावीला होती आणि महिन्याअखेर खोली सोडा म्हटलं असतं तर थंडीत बिऱ्हाड घेऊन सक्करदऱ्याला मेहुण्याच्या दारात जावं लागलं असतं. पण त्या क्षणी त्याला या कशाचंही दुःख झालं नाही. जी मजुरी त्याने पंधरा वर्षं आपला माणूस म्हणून या मुलाकडून घेतली नव्हती, तीच श्रीधरने पुराव्याला काढली होती. आणि दहा रुपयांचं वामनरावांना कोणी सांगितलं? ताराचंद बोलला नव्हता. ते नत्थूने स्वतःच्या तोंडाने, हसत हसत, एकाच माणसाला सांगितलं होतं.

वामनरावांनी घसा साफ केला. प्रकरण वाढवायचं नाही असं कमिटीचं मत आहे, म्हणाले. माफीनामा तयार आहे, त्यावर सही कर, नोकरी राहील, खोली राहील. नाहीतर महिन्याअखेर दोन्ही सोडावं लागेल. श्रीधरने फाइल उघडली आणि कागद पुढे सरकवला. अक्षर त्याचंच होतं, वळणदार.

नत्थू सहावी शिकलेला होता. त्याने उभ्यानेच वाचलं. ठरलेल्या मजुरीहून जास्त रक्कम एका खेळाडूकडून स्वीकारली आणि श्री. श्रीधर पांढरीपांडे यांच्या क्यूचं काम हयगयीने केलं, याबद्दल मी क्लबाची व त्यांची माफी मागतो. बाकी काही नाही. सहीसाठी खाली रेघ ओढलेली होती.

"पहिलं खरं आहे," नत्थू म्हणाला. "दहा घेतले, त्याची माफी मागतो. घ्याले नव्हते पाह्यजे. पन दुसऱ्याची नाही मागत."

"अरे, मग सही कशी होणार?" वामनराव वैतागले.

"साहेब, मजुरी घेतली अन् काम बिघडलं, तं माफी मागाले पाह्यजे. हे तं मजुरीचं काम नव्हतं. मी घरच्या मानसाले करून देल्लं होतं." त्याने पहिल्यांदाच सरळ श्रीधरकडे तोंड केलं. "त्याची माफी कशी मागू? तुमीच सांगा. वकील आहे तुमी. मजुरीचं होतं असं तुमाले वाटत असन, तं त्या टिपेचे दोन रुपये द्या. मंग ते काम मजुरीचं झालं. मंग मी सही करतो."

नत्थूने हे का म्हटलं, ते श्रीधरखेरीज तिथे कोणालाच कळलं नसतं. त्याला वाटलं होतं, आता हा मान खाली घालेल. आता याला ती अधेली आठवेल, मिटलेली मूठ आठवेल, आणि याचा हात खिशाकडे जाणार नाही. काही झालं तरी हे दोन रुपये तो देऊ शकणार नाही, यावर नत्थूने आपली नोकरी आणि खोली दोन्ही पणाला लावली होती.

श्रीधरने पाकीट काढलं. आत बोट घालून नोटा चाळल्या, दोनची नोट सापडली, ती ओढून टेबलावर ठेवली.

"एवढंच ना?" तो म्हणाला. "आधी मागायचे होते."

त्याला ओशाळल्यासारखं झालं नव्हतं. उलट त्याच्या खांद्यांवरचं ओझं उतरल्यासारखं दिसत होतं, प्रकरण एवढ्यात मिटलं म्हणून. वामनरावही खूश झाले. त्यांनी स्वतःचं पेन उघडून नत्थूच्या हातात दिलं.

नत्थूने नोट उचलली, चार घड्या करून सदऱ्याच्या खिशात ठेवली. मग वाकून, टेबलाला हात टेकून, सावकाश सही केली. नत्थू सोमाजी रामटेके. अक्षर थोडंही हललं नाही. त्याचा हात कधीच हलत नसे.

बाहेर व्हरांड्यात श्रीधर त्याच्या मागून आला. आजूबाजूला कोणी नव्हतं. त्याने नत्थूच्या खांद्यावर हात ठेवला आणि जुन्या सकाळच्या आवाजात म्हणाला, "मनावर घेऊ नकोस, काका. कमिटीपुढे असं बोलावं लागतं. क्यू स्कूटरला बांधलेला आहे, आज ठेवून जातो. या वेळी रात्रभर राहू दे शिकंज्यात."

नत्थूने खांदा हळूच काढून घेतला.

"ऑफिसात ठेवा, साहेब," तो म्हणाला. "उद्या भेटन. दोन रुपये लागतीन."